एकवीस पत्रींची तयार जुडी: घ्यावी का?

गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी सोलापूरच्या बाजारात पत्रीच्या बांधलेल्या जुड्या येतात. घेतलेली जुडी सोडून एकेक पान वेगळं केलं, तर खात्रीच्या तेराच निघाल्या. दूर्वा, आघाडा, रुई, धोत्रा, कण्हेर, डाळिंब, पिंपळ, तुळस चोख होत्या. (एरवी गणपतीला न चालणारी तुळस या एका दिवशी चालते.) गडबड उरलेल्यांत.

शमी म्हणून सुबाभळीची डहाळी होती. शमीच्या फांदीवर बुडाशी रुंद असे आखूड काटे विखुरलेले असतात. सुबाभळीला काटाच नसतो. बाभळीचे काटे लांब आणि जोडीने येतात. ‘वक्रतुंडाय नमः’ म्हणत वाहायचं पान शमीचंच हवं. बेलाच्या जागी वायवर्णाचं त्रिदळ खपतं. बेलाच्या मधल्या पानाला लांब देठ असतो आणि चुरगळलं की वास येतो. माका पांढऱ्या फुलाचा घ्यावा. पान चोळलं की रस काळा पडतो. पिवळ्या फुलाचा बागेतला वेल माका नव्हे. अर्जुनाच्या पानामागे देठाजवळ दोन गाठी दिसतात. विष्णुक्रांता म्हणून गोकर्ण देतात. खरी विष्णुक्रांता जमिनीलगत पसरते, पानं लवदार आणि फूल इवलंसं निळं. पावसाळ्यात माळरानावर शोधली तर सापडते. देवदार हिमालयातला, जुडीत त्याच्या नावाने अशोकाची पानं येतात. तिथे अक्षता वाहाव्यात, ते जास्त खरं.

सगळ्यात खटकलं ते शमीची मनगटाएवढी फांदी तोडलेली पाहून. पूजेला एक पान पुरतं. म्हणून जुडीपेक्षा सुटी पत्री विकणाऱ्या बायकांकडून ओळखून घेणं बरं. नाव विचारलं की त्या बिनचूक सांगतात, आणि नसलेली पत्री नाही म्हणतात. कुंडीत तुळस, मरवा आणि दूर्वा सहज येतात.

आणलेली पत्री प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये, उबून काळी पडते. ओल्या सुती फडक्यात सैल गुंडाळून सावलीत ठेवली की सकाळपर्यंत ताजी राहते. पाण्यात बुडवून ठेवली तर दूर्वा सडतात.

निर्माल्य गाईपुढे टाकू नये. धोत्रा, कण्हेर आणि रुई विषारी आहेत. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. दोरा काढून, पानं बारीक तोडून, मातीच्या थरांत कुंडीत जिरवावीत. केवड्याचं पान कापूनच घालावं, नाहीतर महिनोन्‌महिने तसंच राहतं.