टॅकोमीटरचा काटा नाचतोय: केबल बदलायची की इलेक्ट्रॉनिक मीटर घ्यायचा?

सेस्ना १५२ किंवा १७२ या छोट्या विमानांच्या जुन्या प्रतींत टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) दाखवणाऱ्या मीटरचा काटा मध्येच थरथरतो, खाली पडतो, पुन्हा जागेवर येतो. इंजिनाचा आवाज एकसारखा असेल, तर संशय आधी मोजमापावर घ्यावा. हातात धरायचा ऑप्टिकल टॅकोमीटर दोन पात्यांवर सेट करून कॉकपिटमधूनच पंख्यावर (प्रोपेलरवर) रोखा आणि १०००, १७०० व २३०० आरपीएमला पडताळा. फरक कायम तेवढाच राहत असेल तर मीटर थकला आहे. काटा हेलकावे खात असेल तर बहुतेक वेळा केबल.

केबल

यांत्रिक मीटरमध्ये वीज नसतेच, त्यामुळे वायरिंग तपासत बसू नका. लायकॉमिंग इंजिनावरची टॅकोमीटरची ड्राइव्ह (केबलला फिरवणारा भाग) क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरते, केबलचा गाभा तोच वेग मीटरमधल्या चुंबकाला देतो. गाभा कुठे अडला की तो पीळ साठवतो आणि एकदम सोडतो. काटा नाचतो तो यामुळे. गाभा बाहेर काढून पुसा, सपाट टेबलावर ठेवा आणि एक टोक चिमटीत फिरवा. दुसरे टोक उड्या मारत असेल तर तो मुरगळला आहे. ग्रीस लावून तो सुधारत नाही, बदलाच. नवीन गाभ्याला ग्रीसचा पातळ थर पुरतो. मीटरकडचा १५ सेंमी भाग कोरडा ठेवा, नाहीतर ग्रीस मीटरमध्ये चढते. वळणाची त्रिज्या १५ सेंमीपेक्षा कमी नको. केबल तेलाने चिंब निघाली तर ड्राइव्हचे सीलही बदला, नाहीतर नवी केबलही तेल ओढेल.

इलेक्ट्रॉनिक मीटर

यात केबल लागत नाही, पण सिग्नल कुठून घ्यायचा हा प्रश्न येतो. पी-लीड म्हणजे मॅग्नेटोपासून (स्पार्क प्लगला ठिणगीची वीज देणारे यंत्र) इग्निशन स्विचकडे जाणारी तार; ती अर्थ केली की मॅग्नेटो बंद होतो. सिग्नल तिच्यावरून घेतला तर जोडणी थेट इग्निशनला लागते. ती वायर घासून बॉडीला टेकली तर तो मॅग्नेटो बंद पडतो. पी-लीडच तुटली तर उलट: स्विच ऑफ असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो आणि हाताने पंखा फिरवणाऱ्याच्या जिवावर बेतते. म्हणून उत्पादकाने सांगितलेला रेझिस्टर मॅग्नेटोजवळच बसवावा, पॅनेलमागे नव्हे. मॅग्नेटोच्या व्हेंटमध्ये बसणारा हॉल सेन्सर फिरणारे चुंबक ओळखतो आणि इग्निशनच्या तारांना हात लावत नाही. शक्य असेल तिथे आम्ही हाच सुचवू.

एकाच पी-लीडवर जोडलेला मीटर मॅग्नेटो तपासणीत (एकेक मॅग्नेटो बंद करून पाहताना) एका बाजूला शून्य दाखवतो. तो बिघाड नव्हे: त्या स्थितीत तो मॅग्नेटो अर्थ झालेला, म्हणजे बंद केलेला असतो. रीडिंग उड्डाणात अधूनमधून जात असेल तर आधी क्रिंप (तारेच्या टोकाला दाबून बसवलेले जोड) आणि कनेक्टर ओढून पाहा.

मग काय घ्यावे?

ऑप्टिकल तपासणीत मीटर बरोबर निघाला तर केबल बदला. तेवढ्यासाठी पॅनेल उघडून नवा मीटर बसवण्यात अर्थ नाही. मीटरच चुकत असेल, किंवा नवी केबल घालूनही काटा डुलत असेल, तर इलेक्ट्रॉनिक घ्या. मात्र तो त्या विमानात मुख्य मीटर म्हणून मान्य असल्याचे कागद आधी पाहा आणि काम परवानाधारक अभियंत्याकडूनच करून घ्या.

तासांचा हिशेबही बदलतो. यांत्रिक मीटरचे तास फेऱ्यांवर चालतात, त्यामुळे टॅक्सी करताना (विमान जमिनीवर चालवताना) ते हळू सरकतात. काही इलेक्ट्रॉनिक मीटर इंजिन चालू असताना घड्याळाचा वेळ मोजतात, म्हणजे प्रशिक्षणाच्या विमानात पुढची तपासणी लवकर येते. मीटर काढण्याआधी जुना आकडा लॉगबुकात लिहा आणि नव्याची सुरुवात कोणत्या आकड्यापासून धरली तेही त्याच नोंदीत टाका.