गिटवेब, सीगिट की फोर्जेयो? पुढची आवृत्ती कशी येते ते आधी पाहा

स्वतःच्या सर्व्हरवर गिटमध्ये (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारी प्रणाली) ठेवलेला कोड वेबवर वाचता यावा, एवढ्यासाठी साधन निवडताना बहुतेक जण डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) कसा दिसतो, शोध कसा चालतो हे पाहतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: या साधनाची नवी आवृत्ती निघाली की ती तुमच्या सर्व्हरवर कोणत्या वाटेने येते आणि येताना काय काय हलवते? असं साधन एकदा बसवलं की वर्षानुवर्षं तसंच चालत राहतं, बसवणारा माणूस मात्र तोवर दुसऱ्या कामाला लागलेला असतो.

या कसोटीवर गिटवेब सगळ्यात सोपं. ही पर्ल भाषेतली सीजीआय स्क्रिप्ट (वेब सर्व्हर पानाच्या मागणीवर चालवतो तो छोटा प्रोग्रॅम) के सीव्हर्स यांनी २००५ साली लिहिली आणि पुढच्याच वर्षी ती गिटच्या मूळ कोडमध्ये सामील झाली. त्यामुळे गिटच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर गिटवेबही येतं. डेटाबेस नाही, सांभाळायची ती एक कॉन्फिग फाइल. आधी नुसतं बघायचं असेल तर कोणत्याही रिपॉझिटरीत (कोड आणि त्याच्या बदलांचा साठा) 'गिट इन्स्टावेब' ही आज्ञा द्या. अडचण वेगाची आहे. पानाच्या प्रत्येक मागणीला पर्ल आणि गिटच्या नव्या प्रक्रिया सुरू होतात, स्वतःची कॅश (तयार पानं साठवून ठेवण्याची सोय) नाही. ब्लेमची (कोणती ओळ कुणी, कधी बदलली ते दाखवण्याची) सोय मुळातच बंद ठेवलेली असते, कारण तिचा प्रोसेसरवर भार पडतो. दहा-वीस रिपॉझिटरी आणि मोजके वाचक असतील तर मी गिटवेबच घेईन.

वाचक वाढले की सीगिट. लार्स येमली यांनी ते सी भाषेत सुरू केलं, पुढे जेसन डोनेनफेल्ड यांनी सांभाळलं. लिनक्स कर्नलचा कोड कर्नल डॉट ऑर्गवर याच साधनातून वाचला जातो. पानं पटकन उघडतात आणि कॅशही आहे. फक्त ती मुळात बंद असते, म्हणून तिचा आकार कॉन्फिगमध्ये आठवणीने द्यावा लागतो.

आवृत्त्यांच्या बाबतीत मात्र सीगिट जास्त लक्ष मागतं. गिटचा कोड त्याच्या पोटातच बांधलेला असतो. सर्व्हरवरचं गिट तुम्ही अद्ययावत केलंत तरी सीगिटच्या आतलं गिट जुनंच राहतं. ते बदलायला सीगिट पुन्हा बांधावं (कंपाइल करावं) लागतं किंवा तुमच्या लिनक्स वितरणाने नवं पॅकेज द्यावं लागतं. शिवाय आवृत्त्या सावकाश निघतात: १.२.१ ऑगस्ट २०१८ मध्ये आली आणि १.२.२ थेट जानेवारी २०२० मध्ये. त्यातली १.२.१ निघण्याचं कारण गंभीर होतं. एचटीटीपीवरून क्लोन करण्याची (रिपॉझिटरीची पूर्ण प्रत उतरवून घेण्याची) सोय चालू असेल, आणि ती मुळातच चालू असते, तर बाहेरच्या कुणालाही सर्व्हरवरच्या भलत्याच फाइल वाचता येतील अशी त्रुटी तिने बुजवली. म्हणून सीगिट घ्यायचं ते वितरणाच्या पॅकेजमधूनच. हाताने बांधून ठेवलेली प्रत हमखास विसरली जाते.

गिटी आणि तिच्यातून फुटून निघालेलं फोर्जेयो हा वेगळाच पसारा. तिथे खाती, तक्रारनोंदी, पुल रिक्वेस्ट (आपला बदल सामील करून घेण्याची विनंती) आणि या सगळ्यामागे डेटाबेस आहे. नवी आवृत्ती पहिल्यांदा सुरू होतानाच डेटाबेसची रचना बदलते. मग जुन्या आवृत्तीवर परतायचं तर आधीच्या बॅकअपखेरीज मार्ग नाही. फोर्जेयोची मोठी आवृत्ती दर तीन महिन्यांनी निघते. एवढी धावपळ जमणार नसेल तर वर्षातून एकदा येणारी दीर्घ आधाराची आवृत्ती धरा. एप्रिल २०२४ मधली ७.० तशी होती, एप्रिल २०२५ मधली ११.० ही तशीच. नुसता कोड दाखवण्यासाठी मी हे ओझं घेणार नाही. टीम तिथेच कोड तपासणार असेल तर मात्र ते घ्यावंच.

सबव्हर्जनची (गिटच्या आधीची तशीच प्रणाली) जुनी रिपॉझिटरी असेल तर ती वेबवर दाखवणाऱ्या व्ह्यूव्हीसीचं नाव पुढे येतं. त्याच्या १.१ आणि १.२ या मालिका पायथन २ वर चालतात आणि पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. नव्याने बसवायला हा पाया मला पटत नाही.

साधन बदलताना जुन्या लिंकांचा विचार सगळ्यात उशिरा होतो. कमिटची (नोंदवलेल्या एका बदलाची) लिंक गिटवेबमध्ये अर्धविरामांनी जोडलेल्या पी, ए, एच या घटकांची असते, सीगिटमध्ये रिपॉझिटरीच्या नावापुढे 'कमिट' आणि मग आयडी येतो. तक्रारनोंदींत आणि ईमेलमध्ये अशा शेकडो लिंक पडून असतात आणि साधन बदललं की त्या सगळ्या एकदम तुटतात. पण कमिटचा हॅश, म्हणजे हा आयडी, दोन्हीकडे तोच असल्यामुळे जुना पत्ता नव्याकडे वळवणारे नियम वेब सर्व्हरवर थोडक्यात लिहिता येतात. खऱ्या ईमेलांमधल्या काही लिंक घेऊन ते चाचणी सर्व्हरवर तपासा आणि मगच जुनं साधन बंद करा.