एएमआयची जॅव्हलिन असेल तर रिस्टोरेशनला देण्याआधी हे वाचा

ज्यांच्याकडे राइट हँड, म्हणजे उजवीकडे स्टिअरिंग असलेली, जॅव्हलिन गाडी आहे किंवा घ्यायचा विचार चाललाय त्यांनी हे शेवटपर्यंत वाचा, लांबलंय पण वाचा. मेलबर्नच्या एका रिस्टोरेशन शॉपने, म्हणजे जुन्या गाड्या पुन्हा नव्यासारख्या करून देणाऱ्याने, मला ४० हजार डॉलरच्या वर गंडवलंय. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण त्याच्याबरोबर जे गेलं ते कुठल्याच दुकानात मिळत नाही आणि त्यासाठीच हे लिहितोय. शॉपचं नाव देत नाही, प्रकरण अजून चालू आहे.

आधी गाडीबद्दल थोडं सांगतो, त्याशिवाय चोरी नेमकी कशाची झाली ते कळणार नाही. जॅव्हलिन ही अमेरिकेतल्या एएमसीची गाडी, मस्टँग आणि कॅमॅरोला टक्कर द्यायला १९६८ च्या मॉडेल इयरला आणलेली. इथे पोर्ट मेलबर्नला ऑस्ट्रेलियन मोटर इंडस्ट्रीज, म्हणजे एएमआय, ती सीकेडी, म्हणजे सुट्या भागांच्या, किटमधून जोडायची आणि रॅम्बलर जॅव्हलिन नावाने विकायची. १९६८ ते १९७२ मध्ये दोन्ही पिढ्या धरून फक्त २५८ गाड्या विकल्या गेल्या. किटमधून बॉडीचा पत्रा, इंजिन, गिअरबॉक्स यायचं, पण राइट हँडचा डॅशबोर्ड, सीटा, आतलं ट्रिम हे सगळं इथेच बनायचं आणि अमेरिकन गाडीपेक्षा वेगळं असायचं.

आता हे नीट लक्षात घ्या. फेंडर, ग्रिल, इंजिनचे पार्ट अमेरिकेतून मागवता येतात, खिशाला चाट बसते पण येतात. इथला डॅशबोर्ड मात्र अमेरिकेत कधी बनलाच नाही. तो फक्त दुसऱ्या एएमआय गाडीतूनच काढता येतो, आणि तशा गाड्या उरल्यात किती? त्यामुळे मस्टँगवाल्याला जी भीती असते ती वेगळी आणि आपल्याला असायला हवी ती वेगळी. आपण सगळे इंजिनवर डोळा ठेवून बसतो आणि चोराचा डोळा असतो डॅशबोर्डवर.

माझी गाडी १९६९ ची, ३४३ क्युबिक इंचाचं व्ही-८ इंजिन, २८० हॉर्सपॉवरवाली, ऑटोमॅटिक. जिलॉन्गच्या बाजूला एका शेडमध्ये वर्षानुवर्षं पडून होती. खालचा फ्लोर गेलेला, मागच्या चाकांच्या कमानी गंजलेल्या, पण आतलं सगळं जागच्या जागी होतं आणि म्हणूनच घेतली. शॉपचा मालक बोलायला एकदम गोड, शेडमध्ये दोन-तीन चांगल्या होल्डन मोनारो गाड्या उभ्या, कोटेशन व्यवस्थित टाइप केलेलं. तो म्हणाला वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात त्यामुळे आतलं सगळं काढून वेगळ्या स्टोरेजमध्ये ठेवायला लागेल. यात खोटं काही नव्हतं, कुठलंही चांगलं शॉप हेच करतं. पण ते स्टोरेज कुठे आहे हे मला शेवटपर्यंत दाखवलं नाही, विचारलं की आज चावी नाही, आज तिथे माणूस नाही.

बिलं मात्र महिन्याच्या महिन्याला. इतके तास फ्लोर, इतके तास वेल्डिंग, सोबत फोटो. मी कामावरून सुटून जायचो तेव्हा शॉप बंद झालेलं असायचं, शनिवारी गेलं की गाडी कव्हरखाली, म्हणायचे प्रायमर ओला आहे हात लावू नका. मग एका बिलाबरोबर फायरवॉलचा, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याचा, फोटो आला, वेल्डिंग सुरेख दिसत होतं, पण स्टिअरिंग कॉलमचं भोक डावीकडे. राइट हँड गाडीत ते डावीकडे कसं असेल? विचारलं तर म्हणाला फोन फोटो उलटा करतो कधीकधी. पण त्याच फोटोत मागे भिंतीवर घड्याळ होतं आणि त्याचे आकडे सरळ होते. म्हणजे फोटोच दुसऱ्या कुठल्या तरी लेफ्ट हँड गाडीचा. तिथून मी पैसे द्यायचे थांबवले.

थांबवले तर त्याने गाडी अडकवून ठेवली. केलेल्या कामाचं बिल मिळेपर्यंत गाडी ताब्यात ठेवायचा हक्क रिपेअररला असतो, लीन म्हणतात त्याला, आणि हे लोक त्याचाच धाक घालतात. शेवटी वकिलाच्या सल्ल्याने लेखी आक्षेप नोंदवून, 'नाइलाजाने देतोय' असं ईमेलमध्ये स्पष्ट लिहून पैसे भरले आणि गाडी ट्रेलरवर घालून घरी आणली. तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी वकिलाशी बोला आणि जे काय ते लेखीच करा, फोनवरच्या बोलण्याला काही अर्थ राहत नाही.

घरी आल्यावर एकेक बाहेर यायला लागलं. माझा मामेभाऊ कोल्हापुरात गॅरेज चालवतो, त्याला व्हिडिओ कॉलवर पत्रा दाखवला तर तो लगेच म्हणाला, "दादा, लोहचुंबक लावून बघ बरं." लावलं तर मागच्या कमानीवर चिकटेचना. नवीन पत्र्याचं बिल घेतलेलं आणि आत गंज तसाच ठेवून वर पुट्टी थापलेली.

मग इंजिन. एएमसीच्या व्ही-८ मध्ये एक गोष्ट फार चांगली आहे, ब्लॉकच्या बाजूला फ्रीझ प्लग असतात, डब्याच्या झाकणासारखे गोल, त्यांच्या मधल्या जागेत इंजिनाच्या क्षमतेचा आकडा ओतीवच असतो. रॉकर कव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणावर, जो कोडचा टॅग असतो तो माझ्याच इंजिनाचा होता, तो बघून मी निश्चिंत होतो. पण कव्हर म्हणजे काय, थोडे बोल्ट काढले की दुसऱ्या इंजिनावर बसतं. क्लबमधले एक वयस्कर गृहस्थ घरी आले, पाठीवर झोपून खाली टॉर्च मारला, वायर ब्रशने ग्रीस खरवडलं आणि मला म्हणाले ये बघ. ३६० लिहिलेलं. ३४३ आणि ३६० चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, सारखाच, ४.०८ इंच, फरक स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टन किती वरखाली होतो त्याचा, बाहेरून नवख्याला पत्ता लागत नाही. ३६० जीपमध्ये १९९१ पर्यंत येत होतं, ते मिळायला सोपं. माझं ३४३ गेलं कुठे तर उत्तर नाही.

आणि डॅशबोर्ड. परत आलेला डॅशबोर्ड चकचकीत, आणि मागून हात फिरवला तर कच्चं फायबर बोटाला टोचतंय, रेझिनचा वासही गेलेला नाही, म्हणजे ही नुकती बनवलेली नक्कल. माझ्या मूळ डॅशबोर्डला ॲशट्रेच्या उजव्या कोपऱ्यातून निघालेला बोटभर लांबीचा तडा होता आणि मागच्या बाजूला पेन्सिलने १७ आकडा लिहिलेला, बहुतेक लाइनवरच्या कुणा कामगाराने लिहिला असणार. त्या पेन्सिलच्या आकड्यासाठी माझा जीव अजून तुटतो. पन्नास वर्षं टिकला होता तो. शॉपवाला म्हणतो मूळ डॅशबोर्ड खराब होता म्हणून फेकला. तडा गेलेला का असेना, एएमआय जॅव्हलिनचा डॅशबोर्ड कचऱ्यात टाकणारा माणूस या धंद्यात नाही, तो विकलाच गेलाय.

कन्झ्युमर अफेअर्स व्हिक्टोरियाकडे, म्हणजे इथल्या ग्राहक खात्याकडे, गेलो, व्हीकॅट या राज्याच्या न्यायाधिकरणात अर्ज केला, आणि तेवढ्यात शॉपची कंपनी लिक्विडेशनमध्ये, म्हणजे गाशा गुंडाळायच्या प्रक्रियेत. आता मी अनसिक्युअर्ड क्रेडिटर, म्हणजे तारण नसलेला घेणेकरी, रांगेत सगळ्यात मागे. त्याच शेडमध्ये नवीन नावाने धंदा सुरू आहे. म्हणून कोटेशनवरचा एबीएन, म्हणजे धंद्याचा नोंदणी नंबर, आधी तपासा, कंपनी कधी नोंदवली आणि संचालकाच्या आधीच्या कंपन्यांचं काय झालं ते एसिककडून, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडून, काढा. त्याला थोडे पैसे लागतात पण लागू देत.

गाडी देण्याआधी डॅशबोर्ड आणि सीटा स्वतः काढून आपल्या घरात ठेवा, शॉपला द्यायच्याच नाहीत, शेवटच्या फिटिंगला स्वतः घेऊन जा. जे काढता येत नाही त्याच्या मागच्या बाजूला खूण करा आणि फोटो काढा, ब्लॉकवरच्या ओतीव आकड्याचा फोटो पण. माझ्याकडे विकत घेतानाचे डॅशबोर्डचे फोटो होते म्हणूनच पोलिसांनी निदान पार्ट चोरीची तक्रार लिहून घेतली, नाहीतर आधी ते हा तुमचा आपसातला व्यवहार आहे म्हणून परत पाठवत होते. पैसे झालेल्या कामाचे द्या, पुढच्या कामाचे नाही, आणि काम गाडीजवळ उभं राहून बघितल्याशिवाय नाहीच.

नोव्हेंबरमध्ये बेंडिगोच्या स्वॅप मीटला, म्हणजे जुन्या पार्टांच्या बाजाराला, तुमच्यापैकी बरेच जण जाता. कुणाच्या टेबलवर राइट हँड जॅव्हलिनचा डॅशबोर्ड दिसला तर उलटा करून मागे पेन्सिलचा १७ आहे का बघा, ॲशट्रेजवळ तडा आहे का बघा. असेल तर भांडू नका, फोटो काढा, विकणाऱ्याच्या गाडीचा नंबर टिपा आणि मला लगेच कळवा, तक्रारीचा नंबर माझ्याकडे तयार आहे.