पटकथा शिकायची, तर कोणतं पुस्तक हाती घ्यावं?

पटकथेवरची पुस्तकं ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. एका प्रकारात कथेची बांधणी शिकवतात, दुसऱ्यात पडद्यावर काय दिसावं ते. नवे लेखक पहिल्याच प्रकारातली तीन-चार पुस्तकं ओळीने वाचतात आणि मग पानंच्या पानं संवाद लिहीत बसतात. म्हणून माझं सांगणं असं, की दोन्हींतलं एकेक घ्या.

बांधणीसाठी सिड फील्ड यांचं ‘स्क्रीनप्ले’ (१९७९) सगळ्यात सोपं. एक पान म्हणजे पडद्यावरचा साधारण एक मिनिट, असा हिशोब धरून ते १२० पानांचे तीन अंक पाडतात: ३०, ६० आणि ३०. अंक बदलताना कथेला वळण देणारी घटना हवी, एवढं जरी पक्कं झालं तरी पहिला खर्डा भरकटत नाही.

ब्लेक स्नायडर यांचं ‘सेव्ह द कॅट!’ (२००५) याच्या पुढे जातं. पटकथेची ११० पानं, तिचे १५ टप्पे, आणि कोणता टप्पा कितव्या पानावर यावा तेही ठरलेलं: मध्यबिंदू ५५वर, सगळं हातचं गेल्याचा क्षण ७५वर. गोष्ट डोक्यात आहे पण मधला भाग सुचत नाही, अशांना हे फार उपयोगी. मात्र पहिलंच पुस्तक म्हणून मी ते सुचवणार नाही. पात्रं ओळखीची व्हायच्या आत रकाने भरायची सवय लागते, आणि ती सुटता सुटत नाही.

रॉबर्ट मकी यांचं ‘स्टोरी’ (१९९७) जाडजूड आहे, पण प्रसंगाच्या आत शिरून बघायला शिकवतं ते हेच. पात्राला काय अपेक्षित होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, या दोहोंमधल्या दरीत प्रसंग घडतो, हा त्यांचा गाभ्याचा मुद्दा. समजा, नोकरी सोडलेली मुलगी वडिलांना ते सांगायला येते. ते चिडतील असं धरून ती उत्तरं तयार ठेवते. वडील चिडत नाहीत, हळूच विचारतात, “मग आता माझ्या औषधांचं कसं?” तिची सगळी तयारी तिथेच कोलमडते. प्रसंग सपाट का वाटतोय हे शोधायला मकींसारखा आधार नाही, पण हाताशी स्वतःचा एक पूर्ण खर्डा असेल तेव्हाच ते उलगडतात. त्याआधी वाचलं तर नुसतं दडपण येतं.

आता दृश्याची बाजू. इथे माझी पहिली पसंती डेव्हिड मॅमेट यांच्या ‘ऑन डिरेक्टिंग फिल्म’ला (१९९१). छोटंसं पुस्तक, कोलंबिया विद्यापीठातल्या त्यांच्या वर्गांवरून झालेलं. विद्यार्थी वर्गाला लवकर आला आहे, हे कोणी न बोलता कसं कळेल, यावर तिथे खल चालतो. शॉट साधा ठेवा, अर्थ दोन शॉट शेजारी आल्यावर उमटतो, ही सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइनकडून आलेली शिकवण ते हट्टाने लावून धरतात. वरच्या प्रसंगावरच लावून बघा: टेबलावर ठेवलेलं ऑफिसचं ओळखपत्र, आणि पुढच्या शॉटमध्ये गोळ्यांची स्ट्रिप, दोनच गोळ्या उरलेली. वडिलांचा प्रश्न न विचारताही पोचतो.

ब्रूस ब्लॉक यांचं ‘द व्हिज्युअल स्टोरी’ (२००१) जास्त शास्त्रशुद्ध आहे. अवकाश, रेषा, आकार, छटा, रंग, हालचाल, लय हे घटक ते सुटे करून दाखवतात. घटकांतला विरोध वाढला की दृश्याची तीव्रता वाढते, साम्य वाढलं की उतरते, हे त्यांचं मुख्य सूत्र. दिग्दर्शन किंवा छायाचित्रणाकडे वळणाऱ्याने ते घ्यावंच. फक्त लिहिणाऱ्याला त्यातलं निम्मं लगेच कामाला येणार नाही. स्टीव्हन कॅट्झ यांचं ‘शॉट बाय शॉट’ (१९९१) स्टोरीबोर्ड (शॉटांची आधीच काढलेली चित्रं) आणि कॅमेऱ्यासमोरच्या मांडणीसाठी. शूटिंग ठरलं असेल तरच.

स्कॉट मक्लाउड यांचं ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ (१९९३) सिनेमाचं नाही, तरी मी आवर्जून सुचवेन. दोन चौकटींमधल्या रिकाम्या जागेत वाचक काय भरतो, हे ते चित्रांतूनच समजावतात, आणि काय दाखवायचं नाही हे ठरवताना पटकथाकाराला ते थेट उपयोगी पडतं.

अजून एकही पटकथा पूर्ण झालेली नसेल तर फील्ड आणि मॅमेट. खर्डा तयार असून त्यात जीव नसेल तर मकी आणि मक्लाउड. स्वतःच चित्रित करणार असाल तर मॅमेटनंतर लगेच ब्लॉक.