दहा वर्षं सोबत राहिलेली तांबी

मागच्या महिन्यात माझी तांबी काढली. तांबी म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून गर्भाशयात बसवतात ती कॉपर-टी. माझी ३८०ए, मुदत १० वर्षं. बसवली तेव्हा मुलगी पाच महिन्यांची होती, आता पाचवीत आहे.

बसवायला पाच मिनिटंही लागली नाहीत. "थोडं दुखेल," म्हणाले होते. थोडं कसलं, अशी कळ आली की घामाने भिजले. पण ती कळ अर्ध्या तासात विरली. खरा छळ पुढच्या पाळ्यांनी केला. सात-सात दिवस अंगावरून जायचं, पॅड दर दोन तासांनी बदलायचं. पहिले तीन ते सहा महिने असं होऊ शकतं, मग बहुतेकींचं कमी होतं, एवढं एक वाक्य आधी सांगितलं असतं तर तिसऱ्या महिन्यात मी रडत काढायला गेले नसते. सिस्टर म्हणाल्या, "एवढ्यात काढलीत तर आमच्या आकड्यांचं काय?" न काढताच परत पाठवलं. पाचव्या महिन्यापासून मला तांबी छान मानवली, पण म्हणून त्यांचं ते बोलणं बरोबर ठरत नाही. बाई म्हणाली काढा, तर काढायची.

वस्तू म्हणून मात्र तक्रार नाही. नावातले ३८० म्हणजे तांब्याचं क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये. हे तांबं शुक्राणूंना निकामी करतं. हार्मोन अजिबात नाही, त्यामुळे अंगावर पाजतानाही चालली. पहिल्या वर्षात शंभरजणींत एकीलाही दिवस जात नाहीत, इतकी खात्रीची. रोज गोळी आठवणं माझ्यासारख्या विसरभोळीला जमलंच नसतं.

सासूबाईंना भीती होती, तांबी वर सरकत काळजापर्यंत जाते. तसं होत नाही. गर्भाशयाला छेद जाण्याचा प्रकार हजारांत एखाद-दोघींना होतो. त्यापेक्षा ती आपोआप निसटण्याची शक्यता जास्त, म्हणून पाळीनंतर तांबीला खाली असलेला दोरा चाचपायची सवय लावून घेतली. सुरुवातीला नवऱ्याला दोरा टोचायचा, काही आठवड्यांत मऊ पडला. लैंगिक आजारांपासून मात्र ती वाचवत नाही, त्याला निरोधच हवा.

काढताना खोकायला सांगितलं. खोकले तोवर बाहेर! काडेपेटीतल्या काडीहून लहान. लगेच नवी बसवून घेतली. या खेपेला दुखण्यावरची गोळी तासभर आधीच घेऊन गेले होते.