वेचणीच्या बायांची हृदयलय: आरएमएसएसडी घ्यावं की एलएफ/एचएफ?

यवतमाळकडच्या खेड्यात कापूस वेचणीला जाणाऱ्या तीसेक बायांची एचआरव्ही (हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार) रोज पहाटे, बाजेवर निजवून, पाच मिनिटं मोजायची असेल, तर ठोके नोंदणारा छातीचा पट्टा घेण्याआधीच विश्लेषण ठरवा: आरएमएसएसडी की एलएफ/एचएफ, हे त्या चढउताराचे दोन आकडे.

आरएमएसएसडी सरळ आहे. लागोपाठच्या ठोक्यांमधली अंतरं मिलिसेकंदांत घ्यायची, शेजारच्या अंतरांतला फरक काढायचा, त्या फरकांच्या वर्गांची सरासरी काढून वर्गमूळ घ्यायचं. एलएफ/एचएफसाठी तीच मालिका वारंवारतांमध्ये फोडतात: ०.०४ ते ०.१५ हर्ट्झ एलएफ (संथ लय), ०.१५ ते ०.४ एचएफ (जलद लय); पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. हे गुणोत्तर जास्त म्हणजे ताण जास्त, असं बरेचदा वाचतात. फोडणीच्या नेहमीच्या गणिती रीतीसाठी, म्हणजे एफएफटीसाठी, मालिका आधी समान अंतराच्या बिंदूंवर बसवावी लागते.

गावातल्या कामासाठी मी आरएमएसएसडीच घेईन. ०.१५ हर्ट्झ म्हणजे मिनिटाला नऊ श्वास. सामुदायिक ध्यानाची सवय असलेली आजी निवांत पडून मिनिटाला सहाच श्वास घेत असेल, तर तिच्या श्वासाची लय ०.१ हर्ट्झवर, म्हणजे एलएफमध्ये जाते. गुणोत्तर वाढतं आणि शांत पडलेली आजी कागदावर तणावात दिसते. प्रयोगशाळेत ठरावीक गतीने श्वास घ्यायला लावणार असाल, तर एलएफ/एचएफचा विचार करा. तरीही एलएफ म्हणजे निव्वळ सिम्पथेटिक (शरीराला ताणासाठी सज्ज करणाऱ्या मज्जासंस्थेचं काम), असं धरू नका.

आरएमएसएसडीचा धोका वेगळा. समजा ३५० ठोक्यांत खरा आकडा ३० आहे. एकच ठोका ३०० मिलिसेकंद लवकर पडला आणि पुढचा आपल्या ठरल्या वेळी आला, तर ३००, ६००, ३०० असे तीन फरक घुसतात आणि आकडा ४९ च्या आसपास जातो. एका ठोक्याने! म्हणून प्रत्येक नोंदीचा आलेख डोळ्यांनी बघाच.

आता मॉडेल. आरएमएसएसडीचे आकडे उजवीकडे लांबतात (मोजके आकडे फार मोठे येतात), त्यांचा लॉग घ्या. त्याच बायांच्या रोजच्या आकड्यांची तुलना करणाऱ्या नेहमीच्या चाचणीत, म्हणजे रिपीटेड मेझर्स अनोव्हात, एक दिवस चुकलेल्या बाईची सगळी ओळ बाद होते. बाजाराच्या दिवसामुळे निम्मा गट जाईल. मिश्र परिणाम मॉडेल उरलेले दिवस वापरतं, प्रत्येकीची स्वतःची पातळी वेगळी धरतं आणि वय, आदल्या दिवशीचे कामाचे तास सोबत घेतं.

गैरहजेरीचं कारण मात्र वहीत लिहा. बाजार आणि ताप, दोन्ही रिकाम्या जागा मॉडेलला सारख्याच दिसतात. तापाच्या जास्त झाल्या, तर गटाची तब्येत खऱ्यापेक्षा चांगली दिसेल.