तीन सिलिंडरच्या गाडीचं चार भोकांचं पॅकिंग

माझ्या वडिलांकडून साताऱ्यातल्या एका गॅरेजवाल्याने इंजिनाच्या कामाचे म्हणून 41,300 रुपये घेतले. जे काम केलं असं सांगितलं, ते झालंच नव्हतं. हे सगळं सविस्तर लिहिते आहे, कारण जुनी गाडी वापरणारी, निवृत्त झालेली, गावातल्या माणसावर विश्वास टाकणारी कितीतरी माणसं माझ्या ओळखीत आहेत. त्यांच्याशीही असाच खेळ होऊ शकतो.

गाडी 2012 ची वॅगन आर, पेट्रोल, 998 सीसी. बाबांनी ती 2021 मध्ये ओळखीच्या डॉक्टरांकडून घेतली. एकच मालक, कंपनीत सर्व्हिसिंग झाल्याच्या सगळ्या नोंदी, टायर बरे. व्यवहार चोख झाला आणि गाडीनेही कधी त्रास दिला नाही. त्रास सुरू झाला तो गेल्या उन्हाळ्यात. पोवई नाक्यावर किंवा राजवाड्याच्या गर्दीत गाडी अडकली की इंजिन तापायचं. हायवेला लागून जरा वेग आला की आपोआप ताळ्यावर यायचं. पुण्याला माझ्याकडे येताना अख्ख्या रस्त्यात काही नाही आणि खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत उभं राहिलं की पुन्हा तेच. हा तपशील लक्षात ठेवा. खरं निदान त्यातच होतं आणि बाबांनी तो गॅरेजवाल्याला पहिल्याच दिवशी जसाच्या तसा सांगितला होता.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. अर्ध्या गावासाठी ते अजून गुरुजीच आहेत. गॅरेजवाल्याचा पुतण्याही त्यांच्या वर्गात होता, त्यामुळे गॅरेजात गेलं की आधी खुर्ची, मग चहा. बॉनेट उघडून त्याने दोन मिनिटं पाहिलं, रेडिएटरला हात लावला आणि म्हणाला, "गुरुजी, हेड पॅकिंग गेलंय. असंच चालवलं तर इंजिन बसंल." हेड पॅकिंग म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्या जोडात बसणारी पातळ पट्टी, गॅस्केट. खर्च विचारला तर "आठ-दहा हजारात होऊन जाईल, तुमच्याकडनं जास्त थोडीच घेणार." कागदावर काही नाही. मग त्याने आणखी एक पाचर मारली: "पंधरा वर्षं होत आली, पुढं पासिंगला न्यायचीय. आत्ता काम करून घेतलं की तेव्हा टेन्शन नाही."

बाबांच्या मनात ते पासिंग आधीपासूनच होतं. पंधरा वर्षांनी खासगी गाडीची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. 1 एप्रिल 2022 पासून कारसाठी त्याचं शुल्क 600 वरून 5,000 रुपये झालंय आणि वर पर्यावरण कर. तिथे गाडीची तपासणी होते हे खरं, पण ब्रेक, दिवे, धूर, टायर, चेसिस नंबर हे पाहतात. हेडचं पॅकिंग उघडून बघायला कुणी बसत नाही. जुन्या गाडीच्या मालकाला पासिंगची भीती दाखवणं सोपं असतं आणि ती भीती दाखवून काम गळ्यात मारलं जातं.

गाडी तिथे ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. हेड वाकलंय, लेथवर फेसिंग करावं लागेल, म्हणजे घासून सपाट करावं लागेल. त्याच्या दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्हचं काम. मग वॉटर पंप. मग "टायमिंग बेल्ट पण आत्ताच टाकून घेऊ, परत खोलायला नको." प्रत्येक फोनला आकडा वाढत गेला. व्हॉट्सॲपवर फोटो येत होते, काळ्याकुट्ट लोखंडाचे, इतक्या जवळून घेतलेले की ते कुठल्या गाडीचे आहेत ते कळायला मार्ग नाही. बाबा मला फोनवर म्हणाले, "आता गाडी खोलून पडली आहे, अर्ध्यावर कुठे नेणार?" गॅरेजवाल्याने त्यांना नेमकं इथेच आणून सोडलं होतं. माझ्या मते अशा फसवणुकीचा सगळा भार या एका गोष्टीवर असतो. आधी कमी आकडा सांगायचा, गाडी खोलली म्हणायचं आणि मालकाला नाही म्हणायची सोयच ठेवायची नाही. दर जास्त लावणारा परवडला. तो निदान आधी आकडा सांगतो.

आठवड्याने गाडी मिळाली. बिल म्हणून जे दिलं ते पॅडचं पान होतं, वर गॅरेजचं नाव, खाली ओळी: हेड पॅकिंग, हेड फेसिंग, व्हॉल्व्ह सेटिंग, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, कूलंट, ऑइल, मजुरी. एकाही पार्टचा नंबर नाही. शेवटी "जीएसटी 18 टक्के" लावून बेरीज 41,300. पण पानावर जीएसटी नंबर कुठेच नाही. हा नंबर पंधरा अक्षर-अंकांचा असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर 27 ने सुरू होतो. लहान गॅरेजची नोंदणी नसणं हा काही गुन्हा नाही, पण नोंदणी नसेल तर गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही. म्हणजे त्या पानावर कराच्या नावाने घेतलेली रक्कमही त्याच्याच खिशात गेली.

बाबांनी जुने पार्ट मागितले होते. त्याने एका गोणपाटात बांधून डिकीत टाकून दिले. ते त्याने का दिले हे मला अजून कळलेलं नाही. गुरुजी गोणपाट सोडून बघणार नाहीत अशी खात्री असावी.

थोड्याच दिवसांत नाक्यावर गाडी पुन्हा तापली. गॅरेजवाला म्हणाला, "नवीन काम आहे, सेट व्हायला वेळ लागतो." तेव्हा मी साताऱ्याला गेले आणि गाडी माझ्या मामेभावाच्या ओळखीच्या एका वयस्क मिस्त्रींकडे नेली. लहानशी शेड, एक पोरगा हाताखाली. त्यांनी आधी विचारलं, "तापते कुठं? उभ्यावर का पळताना?" उभ्यावर म्हटल्याबरोबर त्यांनी गाडी चालू करायला लावली, एसी लावायला सांगितला आणि नुसते बॉनेटपाशी उभे राहिले. एसी लावला की रेडिएटरचा फॅन फिरायला हवा. तो फिरत नव्हता. त्यांनी बॅटरीवरून वायर घेऊन फॅनला थेट करंट दिला. फॅन गर्रकन फिरला. म्हणजे मोटर ठणठणीत. मग फ्यूज बॉक्स उघडून फॅनचा रिले, म्हणजे फॅनला करंट देणारा छोटा स्विच, काढला. त्याचा एक पाय काळा पडला होता आणि सॉकेटचं प्लास्टिक वितळून वाकडं झालं होतं. रिले बदलला, सॉकेटला नवी वायर जोडली. खर्च 650 रुपये.

गाडी पळत असताना समोरून येणारा वारा रेडिएटर गार ठेवतो. उभी राहिली की ते काम फॅनला करावं लागतं. म्हणून फक्त गर्दीत तापणाऱ्या गाडीचा फॅन, त्याचा रिले, फ्यूज, वायरिंग आधी बघायचं असतं. वेगात तापत असेल तर रेडिएटर चोंदलेला असणं, थर्मोस्टॅट अडकणं, वॉटर पंप अशा शंका येतात. हेड पॅकिंग गेलं तर त्याची लक्षणं वेगळी असतात. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, कुठे गळती नसताना कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, कमी होत जातं, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर साचतो, चालू इंजिनात रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत राहतात. आणि हे सगळं न खोलता तपासता येतं. निळा द्रव भरलेली एक नळी रेडिएटरच्या तोंडावर लावतात. सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर तो द्रव पिवळा पडतो. शिवाय सिलिंडरमधला दाब मोजणारी कॉम्प्रेशन टेस्ट असते. बाबांच्या गाडीवर यातली एकही तपासणी झाली नव्हती.

मिस्त्रींना मी बिल दाखवलं. त्यांनी पहिलं बोट टायमिंग बेल्टवर ठेवलं. "या इंजिनाला बेल्ट नसतोच. चेन असते." मग त्यांनी टॉर्च घेऊन मला हेड आणि ब्लॉकचा जोड दाखवला. सगळीकडे तेल आणि धुळीचा दगडासारखा घट्ट बसलेला थर होता, वर्षानुवर्षांचा, कुठेही न तुटलेला. वरच्या कव्हरच्या बोल्टवर पान्याचा एक ओरखडा नाही. हेड उतरवून फेसिंग करून परत बसवलं असेल तर तो जोड असा राहूच शकत नाही. इंजिनाला हातसुद्धा लावलेला नव्हता.

मग गोणपाट सोडलं. आत एक गंजलेला पंप, काही रबरी पाइप आणि हेडचं पॅकिंग. मिस्त्रींनी ते उचलून उजेडात धरलं. लांबुळकी पत्रा-पट्टी, आणि त्यात एका रांगेत मोठी गोल भोकं, चार. प्रत्येक सिलिंडरला एक भोक असतं. आमच्या वॅगन आरच्या इंजिनाला सिलिंडर तीन आहेत. बाबा शेजारीच उभे होते. त्यांनी ते पॅकिंग हातात घेतलं, बोटाने भोकं मोजली, पुन्हा मोजली आणि काहीच बोलले नाहीत. मला त्या माणसाचा जेवढा राग पैशांसाठी आला नाही, तेवढा तेव्हा आला.

घरी येऊन जुनी बिलं काढली, तर आणखी एक गोष्ट सापडली. गाडी घेतल्यापासून दर उन्हाळ्यात त्याच गॅरेजने एसीचा गॅस भरला होता. "दरवर्षी भरावाच लागतो, गुरुजी." एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. ती बंद यंत्रणा आहे आणि वॅगन आरसारख्या गाडीत तो अर्ध्या किलोहून कमीच मावतो. तो दरवर्षी संपत असेल तर कुठेतरी गळती आहे आणि आधी ती शोधायला हवी. नायट्रोजनचं प्रेशर देऊन, सांध्यांवर साबणाचा फेस लावून ती सापडते. आमच्याकडे एका पाइपच्या जोडावरची रबरी रिंग कडक झाली होती. ती बदलली.

जुन्या गाडीला खर्च येणारच, याबद्दल माझी तक्रार नाही. बारा-तेरा वर्षांच्या गाडीचे सस्पेन्शनचे बुश झिजतात, पाइप कडक होतात, क्लच जातो, कूलंट वेळेवर बदलावं लागतं. मिस्त्रींनी गाडी खालून बघून खरी गरजेची कामं सांगितली: लोअर आर्मचे बुश, मागचे ब्रेक शू, कूलंट. त्यांनी ती कागदावर लिहून दिली, पार्ट आणि मजुरी वेगवेगळी. नव्या पार्टचे डबे छापील किमतीसकट बाबांच्या हातात दिले. मागायची वेळच आली नाही.

आता आमच्या घरात मोठ्या कामासाठी गाडी सोडताना लेखी एस्टिमेट घेतल्याशिवाय किल्ली देत नाही, आणि त्यावर लिहून घेतो की यापलीकडचं काम विचारल्याशिवाय करायचं नाही. खोलायचं म्हणाला तर आधी कुठली तपासणी केली ते विचारतो. फोटो नको, व्हिडिओ पाठवा म्हणतो, नंबर प्लेटपासून सुरू करून उघडलेल्या इंजिनापर्यंत, मध्ये न थांबवता. प्रामाणिक माणसाला त्यात अपमान वाटत नाही, हे मिस्त्रींकडे पाहून मी खात्रीने सांगते. आणि आईवडील एकटे गावी राहत असतील तर मुलांनी "गाडीचं काय ते तुम्ही बघा" म्हणून सोडून देऊ नये. गाडी खोलायच्या आधी एक फोन करायला त्यांना सांगून ठेवा.

गॅरेजवाल्याकडे आम्ही पॅकिंग आणि फोटो घेऊन गेलो. आधी म्हणाला, दुसऱ्या गाडीचं पॅकिंग पोराने चुकून टाकलं असेल. मग बेल्टचं विचारल्यावर आवाज चढला. शेवटी दहा हजार काढून टेबलावर ठेवले आणि "विषय मिटवा" म्हणाला. बाबांनी ते घेतले नाहीत. आम्ही रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवली आणि उत्तर न आल्याने जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकील असलाच पाहिजे असंही नाही. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही अर्ज करता येतो. मुदत मात्र दोन वर्षांची असते, म्हणून जुनी प्रकरणं असतील तर तारीख आधी बघा. पुराव्यासाठी एक गोष्ट फार महत्त्वाची: शंका आल्यावर लगेच दुसरीकडे इंजिन खोलू देऊ नका. आमच्याकडे तो न तुटलेला थर फोटोत आहे आणि मिस्त्रींनी तपासणीचा अहवाल सहीनिशी लिहून दिलाय, म्हणून अर्जाला बळ आहे. अर्ज बाबांनी स्वतः मराठीत लिहिला. कुणाला तसाच अर्ज करायचा असेल तर नावं काढून त्याची प्रत द्यायला ते तयार आहेत.